मंगळवारच्या आधीचा फोटो

मंगळवारी आत्तीचे दात काढायचे ठरले होते, आणि त्याआधी त्याच दातांनी हसणारी आत्ती मला फोटोत पकडायची होती. यापेक्षा सोपं काम माझ्यावर आजवर कुणी सोपवलं नसेल, असं मला वाटलं होतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सगळं उमेदीचं वय निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. दिवसभर तंबाखू चाळायची आणि सकाळ-संध्याकाळ तंबाखूचीच मिश्री भाजून दातांना लावायची. दात आधी काळे झाले, मग हलायला लागले. शेवटी बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढचे सगळे काढू आणि कवळी बसवू. आत्तीनं शहाण्यासारखी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र दवाखान्याच्या पायरीवरच थांबली.

"काढू देत," ती म्हणाली. "पर त्याच्या आधी माझा एक फोटू काढ. ह्याच दातांनी हसल्याला. चांगला मोठा. भिंतीवरचा."

भिंतीवरचा म्हणजे कुठला, हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या कापडावर त्याचा फोटो ठेवतात, समोर मेणबत्त्या लावतात, आणि मग तो फोटो भिंतीवर जातो तो कायमचा. आज्जी गेली तेव्हा तिचा एकही फोटो सापडला नव्हता. ऐनवेळी निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात आज्जी धुक्यात उभी असल्यासारखी दिसते आणि तिच्या डाव्या खांद्यावर सरकारी शिक्क्याचा निम्मा गोल आहे. आत्ती रोज त्या फोटोखाली बसून जेवते. "जल्मभर कुणाच्या बापाचं ऐकलं न्हाय आमच्या आईनं," ती म्हणते, "आनि मेल्यावर खांद्यावर शिक्का!"

आत्तीचा स्वतःचा तरुणपणीचा फोटो एकच, आणि तो पत्रकावर आहे.

माझे वडील पत्रकं काढायचे. वखारीतल्या बायकांना प्यायचं पाणी हवं, बाळंतपणाची रजा हवी, कचेरीतला कागद मराठीतही हवा. जे हवं त्याचं पत्रक. मी अक्षरं शिकले ती छापखान्यातून आलेल्या ओल्या शाईच्या कागदांवर. वर्गातली पोरं बाराखडीशी झटत होती तेव्हा मला 'जाहीर निषेध' एका दमात लिहिता येत होतं. वह्यांना कव्हर पत्रकाचं, शेंगा सोलायच्या त्या पत्रकावर, पतंगही पत्रकाचा. त्यामुळं माझा स्वभावही तसाच झाला आहे. वर ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह.

तर त्यातल्या एका पत्रकावर आत्ती आहे. पदर तोंडावर बांधलेला, भुवयांवर तंबाखूची धूळ, डोळे मिटलेले. बाहेरून आलेल्या कुणीतरी वखारीत शिरून तो फोटो काढला आणि वडिलांना आणून दिला. त्याखाली वडिलांनी छापलं, 'या डोळ्यांत बघा!' आत्ती अजून त्यावरून चिडते.

"डोळं मिटल्यात की रं माझं. काय बघा? आनि मला इचारलं कुणी?"

"अगं आक्का, लोक रडले तो फोटू बघून," वडील म्हणतात.

"मग त्या रडणाऱ्यांच्या भिंतीवर लाव."

तेव्हा माझ्या डोक्यात एवढं पक्कं होतं: मंगळवार उजाडायच्या आत फोटो झाला नाही, तर आत्तीच्या माघारी भिंतीवर एकतर आधार कार्डावरची आत्ती जाणार, नाहीतर पत्रकावरची. खरी आत्ती कुठंच नसणार.

बेळगावच्या खासबागेत माझी एक मैत्रीण राहते, लग्नाचे फोटो काढते. तिचा मोठा कॅमेरा आणि हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी लेन्स मी मागून घेतली. देताना तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिचं तान्हं बाळ आठवडी बाजाराला नेते आहे. शनिवारी निपाणीला आत्तीच्या घरी गेले. तिला दारात बसवलं, परसात उभं केलं, शेजारणीला बोलावून गप्पा मारायला लावलं. शेजारणीशी बोलताना ती खदखदून हसायची. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ओठ मिटायचे, मान ताठ व्हायची, आणि आधार कार्डावरची बाई माझ्यासमोर येऊन बसायची.

"आत्ती, हस की."

"हसतीया की."

"कुठं?"

"आतनं."

संध्याकाळी तीच म्हणाली, "असं व्हायचं न्हाय. मला त्या बोटीत बसीव."

गेल्या वर्षी तिच्या बचतीच्या संघातल्या बायका हायवेवरच्या थीम पार्कला गेल्या होत्या. एका बाजूला सिमेंटचं खेडं, त्यात सिमेंटची माणसं आणि सिमेंटचे बैल. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या घसरगुंड्या आणि आकाशात झोके घेणारी एक भलीमोठी बोट. त्या बोटीत आत्ती इतकी हसली होती म्हणे, की खाली उतरल्यावर बायकांनी तिला धरून पाणी पाजलं. तिथं तिला कॅमेऱ्याची आठवणच राहणार नाही, हे मलाही पटलं.

रविवारी सकाळी आम्ही पार्कच्या दारात होतो. आत्ती हिरव्या नऊवारीत, केसांना तेल, पायांत नव्या चपला. मी खांद्यावर ती जड बॅग घेऊन. दारावर बॅगा तपासायला एक बाई होती, खाकी शर्ट, केसांत अबोलीचा गजरा. तिनं माझ्या बॅगेची चेन उघडली, आत बघितलं आणि परत लावली.

"क्यामेरा वळगं बिडूदिल्ल्री," ती म्हणाली. आत सोडत नाही.

मला कन्नड येतं. आमच्या भागात कुणाला येत नाही? पण दारावर कुणी अडवलं की मी मराठीतच बोलते; ही घरची शिस्त आहे.

"का नाही? हे सगळे मोबाईल घेऊन आत चाललेत. त्यांत कॅमेरे नाहीत?"

"मोबाईल चालतंय. ह्यो मोठा चालत न्हाय. बोर्ड हाय बघा."

बोर्ड होता. लाल गोलात कॅमेरा, त्यावर आडवी रेघ, खाली कन्नड आणि इंग्रजी. मी तो मोठ्यानं वाचला आणि मला हवं ते सापडलं.

"हे मराठीत कुठं लिहिलंय? तुमच्याकडं येणारी निम्मी माणसं मराठी आहेत. मराठीत लिहिलेलं नाही, म्हणजे हा नियम मला लागू नाही."

"पर तुमी आत्ता वाचलासा की ताई," ती शांतपणे म्हणाली. "कन्नडच वाचलासा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मला तेवढंच पुरलं. मी बॅग खाली ठेवली आणि सुरू झाले. पार्क लोकांसाठी आहे की नियमांसाठी? मोबाईल बाळगणारा सज्जन आणि कॅमेरा बाळगणारा चोर, हे कुणी ठरवलं? नियमाचं कारण सांगायची जबाबदारी कुणाची? माझा आवाज चढत गेला, रांग वाढत गेली. माझ्या तोंडून 'आम्ही सर्व उपस्थित नागरिक' असे शब्द बाहेर पडले तेव्हा मागून एक माणूस ओरडला, "ओ ताई, आम्हास्नी नगा धरू त्यात! मोर्चा उद्या काढा, आज ऐतवार हाय. पोरं उन्हात तापल्यात!"

"आपल्या हक्कासाठी थोडं ऊन सोसलं तर—"

"आमचा हक्क पाण्यात हाय ओ! सोडा आत!"

सगळी रांग हसली. आत्तीही हसली, दात दाखवून, आणि कॅमेरा बॅगेत होता.

मग आत्ती पुढं झाली. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि त्या बाईला विचारलं, "याक तंगी?" का गं बहिणी? एवढंच. मी इतका वेळ तेच विचारत होते, पण माझ्या विचारण्यात उत्तरासाठी जागाच नव्हती.

त्या बाईनं रांगेला दुसऱ्या दाराकडं वळवलं आणि आम्हाला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून ती सांगायला लागली, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मागच्या उन्हाळ्यात काही पुरुष असेच मोठे कॅमेरे घेऊन आले. पाखरांचे फोटो काढतो म्हणाले. कॅन्टीनच्या गच्चीवर बसले आणि तिथनं खाली पाण्यात खेळणाऱ्या बायकांचे फोटो काढत राहिले. लांबून. कुणाला कळलंसुद्धा नाही. मग आसपासच्या गावांत ते फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरले. ओल्या कपड्यांतली एक मुलगी त्यात ओळखू येत होती. तिच्या घरच्यांनी तिचं कॉलेज बंद केलं.

"माझ्याच गल्लीतली पोरगी," ती म्हणाली. "तवाधरनं मीच सायबास्नी सांगितलं, ही लांब नळी आत सोडायची न्हाय. बाईची असू दे न्हाय तर बाप्याची. बायकांच्या पाण्यापाशी मोबाईलपन न्हाय सोडत आमी."

मला माझंच एक पत्रक आठवलं. कॉलेजात असताना स्नेहसंमेलनात बाहेरची मुलं येऊन मुलींचे फोटो काढायची, तेव्हा आम्ही एक पत्रक काढलं होतं. मजकूर माझा होता. मथळा: 'आमचा फोटो, आमची परवानगी!' आणि खाली पहिलीच मागणी: बाहेरच्यांच्या कॅमेऱ्याला आत बंदी. त्या मागणीसाठी मी प्राचार्यांच्या दारात बसले होते. आणि आज माझी मागणी मान्य झालेली, लाल गोलात रंगवून भिंतीवर लावलेली, आणि मी लेन्स घेऊन तिच्यासमोर घोषणा देत होते.

शरम वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त मला हायसं वाटलं. दारावर कुणी अडवलं की माझ्या मनात एक जुना संशय उठतो: आपलं आडनाव बघून असेल, आपली भाषा ऐकून असेल, आपल्या आत्तीच्या लुगड्याकडं बघून असेल. आमच्या घरच्या माणसांना दारांचा अनुभव चांगला नाही. आणि इथं कारण भलतंच निघालं. ही बाई आमच्या विरुद्ध उभी नव्हती. ती आमच्याच बाजूनं उभी होती, फक्त तिची पाठ आमच्याकडं होती. माझे खांदे आपोआप खाली आले.

"मराठीत पण लिहा एवढंच," मी म्हणाले. शेवटची मागणी सोडवेना.

"तुमीच लिवून द्या," ती म्हणाली. "रंगवतो आमी."

पण फोटोचं काय? मंगळवार तर तिथंच उभा होता.

"क्यामेरा माझ्या खोलीत ठेवा, आनि दोगी जा," ती बाई म्हणाली. पण मैत्रिणीचं तान्हं बाळ मी असं सोडणार नव्हते. शेवटी आत्तीनंच सांगितलं, "तू बस हितं ह्या पोरीपाशी. मी जाऊन येतो."

"एकटी?"

"का? वखारीत काय तुझा बा सोबत यायचा?"

आणि ती गेली. नव्या चपला फटफट वाजवत, मागं न बघता.

मी त्या बाईच्या खोलीबाहेर करंजाच्या सावलीत बसले. समोर पार्कची भिंत आणि भिंतीपलीकडं बोट. बोटीचं एक टोक वर यायचं, क्षणभर आकाशात थांबायचं आणि खाली जायचं. काही वेळानं त्या टोकावर मला हिरवं दिसलं. मी नकळत कॅमेरा बाहेर काढला आणि डोळ्याला लावला.

आत्तीच होती. बोट वर आली की तिचा चेहरा इतका जवळ यायचा की हात लावावा. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, पदर वाऱ्यावर, आणि ते काळे, वाकडे, हलणारे दात सगळेच्या सगळे उन्हात. हेच हवं होतं मला. माझं बोट बटणावर होतं. मी बसले होते ती जागा सार्वजनिक रस्त्यालगतची. बोर्डावरचा नियम भिंतीच्या आतला. पत्रक लिहिणाऱ्याला अशी फट लगेच दिसते.

पण त्या लेन्समध्ये आत्ती एकटी नव्हती. तिच्या शेजारी एक मुलगी होती, ओढणी गळ्यात अडकलेली, दोन्ही हात वर केलेली, आपल्याला कुणी बघत नाही अशा खात्रीनं किंचाळणारी. तिच्या पलीकडं आणखी बायका. त्यांतली एकही मला ओळखत नव्हती. वखारीत कॅमेरा घेऊन शिरलेला तो माणूसही कदाचित चांगल्याच हेतूनं शिरला असेल.

बोट पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. मी कॅमेरा मांडीवर ठेवला.

"घेतलासा?" दारावरच्या बाईनं विचारलं. ती माझ्याकडंच बघत होती.

"नाही."

तिनं मान हलवली, खोलीत गेली आणि मला पाणी आणून दिलं. आता फोटो होणार नाही, हे मी मनात कबूल करायला लागले होते. निदान मी तरी बघितलं, असं स्वतःला समजावत होते. पण माझं बघितलेलं भिंतीवर लावता येत नव्हतं.

आत्ती बाहेर आली ती नखशिखांत ओली. एक चप्पल पायात, एक हातात. बोटीत बसून झाल्यावर ती घसरगुंडीवर गेली होती; तसं काही ठरलेलं नव्हतं. दुरूनच हसत येत होती, मधेच थांबून पोट धरत होती.

"अगं मधीच अडकलो!" ती म्हणाली. "लुगडं फुगलं, आनि त्या नळीत बसलो बूच लावल्यासारखी! मागनं एक पोरगी आली, तिनं पायानं असं ढकललं मला... दोगीबी ढप्पदिशी पाण्यात! वर येऊन मलाच म्हनती, आज्जी, लागलं न्हाय न्हवं? म्हटलं बाय, तूच ढकललीस की!"

मी घाईघाईनं कॅमेरा उचलला. आणि झालं. ओठ मिटले, मान ताठ झाली, पाणी निथळत असलेली आधार कार्डावरची बाई माझ्यासमोर दाराच्या बाहेर उभी राहिली.

"आत्ती!"

"हसतीया की."

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात माझ्या मागून दारावरची बाई मोठ्यानं म्हणाली, "आज्जी, मिटून घ्या दात! तुमचं काळं बघून क्यामेरा फुटंल, दुसऱ्याचा हाय त्यो!"

आत्तीनं तिच्याकडं बघितलं.  तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काहीतरी फार खोडकर, आणि मग सगळं तोंड उघडलं.

"मंगळवारी टाकून देनार हाय गं भवाने! आज हायत तवर बघून घे!"

तेव्हा मी बटण दाबलं. दाबतच राहिले. आत्ती हसत होती, ती बाई हसत होती, आणि माझा हात हलू नये म्हणून मी दात आवळून धरले होते.

मग आम्ही तिघी करंजाखाली कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकलो. आत्तीनं एकेक फोटो बघितला. हा नको, ह्यात पदर पडलाय. ह्यो नको, डोळं बारीक झाल्यात. तिला निवडायचं होतं आणि ती निवडत होती; त्यासाठी मी संध्याकाळपर्यंत बसायला तयार होते. शेवटी एका फोटोवर तिनं ओलं बोट टेकवलं.

"ह्यो."

ओले केस, उघडं तोंड, दातांच्या दोन फटी, डोळे सताड उघडे. मी तो मोठा करून बघितला आणि माझ्या लक्षात आलं. तिच्या मागं भिंतीवरचा तो बोर्ड आला होता. पूर्ण नाही, लाल गोलाचा निम्मा भाग नेमका तिच्या डाव्या खांद्यावर.

"आत्ती, शिक्का आला गं खांद्यावर. दुसरा निवडूया."

तिनं डोळे बारीक करून बघितलं. "काय लिवलंय त्यात?"

"मोठा कॅमेरा आत न्यायचा नाही, असं. म्हणजे आपल्या परवानगीशिवाय कुणी आपला फोटो काढायचा नाही."

"मग असू दे की," ती म्हणाली. "ह्यो शिक्का चालतंय."

दारावरच्या बाईनं गजरा सारखा केला आणि मला विचारलं, माझाबी एक काढतासा? मी काढला. ती हसली नाही. फार ताठ, फार सुंदर उभी राहिली.

मंगळवारी दात निघाले. आत्ती गालात कापूस धरून बसली होती आणि हातानंच मला खुणावत होती, फोटो छापायला दिलास का. दिला होता. कवळी बसायच्या आत तो काचेत लागून घरी आला आणि आत्तीनं तो लगेच भिंतीवर लावून घेतला. वडील निपाणीला आले तेव्हा त्यांनी तो भिंतीवरून उतरवला, दारापाशी उजेडात नेला आणि बराच वेळ हातात धरून बसले.

"आक्का," ते म्हणाले, "असला फोटू त्यावेळी मिळाला असता तर पत्रकावर ह्योच छापला असता बघ."

आत्तीचं बोळकं अजून नवीन होतं, शब्द नीट फुटत नव्हते. तरी ती बोलली.

"छापला असतास आनि काय झालं असतं? हसणाऱ्या बाईच्या मागण्या कोन मान्य करतंय?"

 वडिलांनी बाहीनं काच पुसली, आणि फोटो पुन्हा खिळ्याला लावताना तिला विचारलं, "सरळ हाय काय गं?"

"डावीकडं जरा," आत्ती म्हणाली. "हां. ऱ्हाऊ दे तितंच."